ॲमिट्रिप्टिलिन: त्या फॉरवर्डमधलं काय खरं, काय खोटं

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: ‘ॲमिट्रिप्टिलिन ही नुसती झोपेची गोळी, नैराश्याच्या नावाखाली खपवतात. औषध कालबाह्य आहे. सवय लागते. चार दिवसांत फरक नाही पडला तर बंद करा.’

झोप येते, हे खरं. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिन या रसायनाला औषध अडवतं म्हणून गुंगी येते आणि म्हणूनच ते बहुधा रात्री देतात. पण मेंदूतल्या पेशींनी सोडलेली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही निरोप पोचवणारी रसायनं परत शोषली जाण्यालाही ते आळा घालतं; नैराश्यात त्याचा उपयोग होतो तो यामुळे, असं मानलं जातं. शेजारच्या काकूंना पायांच्या आगीसाठी १० मिलिग्रॅम लिहून दिलेलं असतं, नैराश्यात मात्र मात्रा हळूहळू ७५ किंवा त्याहून वर न्यावी लागते. गोळी तीच, काम वेगळं.

कालबाह्य? ॲमिट्रिप्टिलिन ज्या गटातलं, त्या ‘ट्रायसायक्लिक’ नैराश्यरोधकांतल्या पहिल्या औषधाचा, इमिप्रामिनचा, गुण स्विस डॉक्टर रोलान्ड कून यांनी १९५७ मध्ये मांडला. ॲमिट्रिप्टिलिन १९६१ मध्ये अमेरिकेत आलं. म्हणजे जुनं आहेच. पण २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २१ नैराश्यरोधकांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला, त्यात परिणामकारकतेत ते सर्वांत वर होतं. तरी डॉक्टर सहसा आधी नवी औषधं देतात, कारण याचे दुष्परिणाम जास्त: तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता, उठताना चक्कर, वाढतं वजन. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्या आजोबांना तर फार जपून. पहिली पसंती नसणं म्हणजे निकामी असणं नव्हे.

सवयीचं म्हणाल तर दारूसारखी तलफ येत नाही. एकदम थांबवलं तर मळमळ, डोकेदुखी, बेचैनी होऊ शकते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आणि ते चार दिवस! दुष्परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसतात, मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. चौथ्या दिवशी पेशंटच्या पदरात फक्त कोरडं तोंड असतं. नेमक्या त्याच दिवशी हा संदेश त्याला गोळी सोडायला सांगतो.

खरा धोका मात्र त्या संदेशात कुठेच सांगितलेला नाही. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणून आत्महत्येचे विचार येणाऱ्या पेशंटला डॉक्टर एका वेळी थोड्याच गोळ्या देतात आणि पाकीट घरच्यांकडे ठेवायला सांगतात. असे विचार येत असतील तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.