उडाउ उडाउ

वहीपासून सुरुवात करतो, कारण घरात माझी जी काही थोडीफार पत शिल्लक होती ती त्या वहीनेच घालवली.

ड्रमच्या क्लासमध्ये सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं की बोल लिहून घ्या, उजव्या हाताचा उ, डाव्याचा डा, आणि घरी जाऊन तोंडाने म्हणा, तोंडाला आलं की हाताला येतं. (सर २६ वर्षांचे आहेत. मी ४३. ते मला दादा म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, दोघांनाही सारखंच अवघडल्यासारखं होतं.) तर हाफ-टाइम शफल नावाचा ठेका सुरू झाला तेव्हा मी इमानदारीत पानभर लिहिलं, उ डा उ, उ डा उ, उ डा उ, उ डा उ. आता पानभर लिहायचं म्हटल्यावर दुसऱ्या ओळीनंतर मधल्या जागा जातातच. बाबा लाइटबिल शोधत होते, त्यांनी ती वही उघडली, चष्मा कपाळावर सरकवला, पूर्ण पान वाचलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "अगं ए, याने लेखी दिलंय बघ."

इलेक्ट्रॉनिक ड्रम किट (ई-किट) ४२ हजारांचं आहे, घरी मी २८ सांगितलेत. त्या २८ वरच ही प्रतिक्रिया आहे.

मुळात मी या भानगडीत पडलो ते माजामुळे. कॉलेजपासून दहा वर्षं ढोल वाजवलाय मी, गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव, कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रोडला चार-चार तास उभं राहिलेला माणूस, हातात टिपरू आणि डोक्यात फेटा असला की आपल्याला ताल या विषयात कोणी काही शिकवू शकत नाही असं वाटायला लागतं. पण ढोलात एकच गोष्ट शिकवतात, आवाज. कमी वाजला तर ताशेवाला वळून बघतो. हळू वाजवा असं त्या दहा वर्षांत मला एकदाही कोणी म्हटलेलं नाही, म्हणजे पथकातलं कोणी नाही, बाहेरच्यांनी पुष्कळ म्हटलं.

आणि हाफ-टाइम शफल ही अख्खीच्या अख्खी हळू वाजवायची गोष्ट आहे.

आता हे प्रकरण काय आहे ते सांगतो, ज्यांना माहितीय त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरा. प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे करा, म्हणजे बारा झाले. दादरा ऐकलाय ना, धा धिं ना धा तिं ना, तसे दोन दादरे शेजारी-शेजारी. तीनातला पहिला आणि तिसरा तुकडा उजव्या हाताने हाय-हॅटवर (ती झांजांची जोडी), मधला डाव्या हाताने स्नेअरवर (तो समोरचा छोटा ड्रम). झालं उडाउ. नेहमीच्या गाण्यात स्नेअरचा मोठा ठोका दोन आणि चारवर येतो, इथे तो फक्त तीनवर येतो, त्यामुळे आत सगळं भराभर चाललेलं असूनही गाणं निम्म्या वेगाने चाललंय असं वाटतं. इंजिन पूर्ण फिरतंय आणि गाडी पुढे निम्मीच जातीय. पुणेकराला हे एवढं समजावून सांगावं लागू नये, आपण रोज सिंहगड रोडला तेच करतो.

तर तो तीनवरचा मोठा "ठाक", आणि बाकीचे मधले जे डावे असतात ते घोस्ट नोट. भूत. म्हणजे आहेत पण दिसत नाहीत, कानाला कळतात पण ऐकू येत नाहीत, अशी काहीतरी व्याख्या सरांनी केली. मी म्हटलं नीट सांगा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दादा, आपल्याकडचा दुकानदार आठवा. 'संपलं!' हे तो मोठ्याने म्हणतो. त्याच्या आधी आणि नंतर तो स्वतःशी जे पुटपुटत असतो ना, ते घोस्ट नोट."

इतकं स्वच्छ मला आयुष्यात कोणी काही समजावलेलं नाही. पेठेतल्या कुठल्याही दुकानात जाऊन उभे राहा, पुटपुट पुटपुट, "संपलं!", लगेच पुटपुट. अख्खा ग्रूव्ह आहे त्यात.

पण समजणं वेगळं आणि डावा हात वेगळा. माझा डावा हात ४३ वर्षं निव्वळ उजव्याच्या सोबतीला म्हणून जगलाय, ढोलालासुद्धा त्याच्याकडे थापच, तीही दणदणीत. आता त्याच्याकडून अपेक्षा अशी की भुताच्या वेळी काडी पॅडपासून जेमतेम इंचभर वर, मनगट गप्प, बोटांनी नुसतं सोडून द्यायचं, आणि तीनवर मात्र कानापर्यंत वर नेऊन ठाक. इथपर्यंत जमतं हो. खरी मेख पुढे आहे. ठाक झाल्याझाल्या पुढच्याच तुकड्यावर परत एक भूत आहे, त्याच हाताने. ७० च्या लयीत (म्हणजे मिनिटाला ७० ठोके) या दोघांच्या मध्ये पाव सेकंदापेक्षा किंचित जास्त वेळ मिळतो. काडी आपटली की ती चेंडूसारखी उसळून वर येणार, तिला तेवढ्या वेळात इंचावर धरून थांबवायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने हळूच टेकवायची. भर मीटिंगमध्ये कोणावर तरी ओरडून लगेच दुसऱ्या क्षणाला "चहा घेणार का" असं विचारता आलं पाहिजे. आमच्या ऑफिसात एक-दोन लोकांना येतं हे. मला येत नाही, मी ओरडलो की तासभर ओरडलेलाच असतो. आणि तेच व्हायचं, ठाक-ठाक. दोन दुकानदार भांडतायत असं. दाबून हळू वाजवायला गेलो तर किटच्या पॅडला ऐकूच जायचं नाही, हेडफोनमध्ये नुसती शांतता. म्हणजे एक तर भांडण नाहीतर अबोला, मधलं काही नाही.

बरं, हे शोधून काढणाऱ्यांना तरी काही त्रास झाला असेल म्हणून वाचायला घेतलं तर तिथेही अपमानच. बर्नार्ड पर्डी नावाचे अमेरिकन ड्रमर, या प्रकाराला पर्डी शफलच म्हणतात, त्यांना हे आठव्या वर्षी सुचलं, जाणाऱ्या आगगाडीच्या आवाजावरून. आठव्या वर्षी! मी आठव्या वर्षी पर्वतीच्या पायऱ्या मोजताना चुकायचो. नंतर १९७७ मध्ये स्टीली डॅन बँडच्या 'होम अ‍ॅट लास्ट' गाण्यात पर्डींनीच ते वाजवलं, १९७९ मध्ये लेड झेपेलिन बँडच्या जॉन बॉनहॅमने 'फूल इन द रेन'मध्ये स्वतःच्या पद्धतीने वाजवलं, आणि १९८२ मध्ये टोटो बँडच्या जेफ पोर्कारोने 'रोझॅना'त. पोर्कारोने तर उघड सांगून टाकलंय की मी पर्डींचं घेतलं, बॉनहॅमचं घेतलं आणि पायाच्या ड्रमला बो डिडली या गिटारवाल्याचा ठेका लावला. आमच्याकडे भेळवाला चटणीचं प्रमाण सांगत नाही आणि हा माणूस जगाला रेसिपी देऊन बसला. अर्थात देऊन काय बिघडलं त्याचं, रेसिपी वाचून कोणाला येतंय.

पण ते आगगाडीचं माझ्या डोक्यात बसलं. म्हटलं रोग आगगाडीने दिलाय तर औषधही तिथेच असणार. रविवारी सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली, खिडकी मिळाली, डोळे मिटले, आणि ऐकायला लागलो. काही नाही. नुसतं घरर्र. खडकी गेलं, दापोडी गेलं, घरर्र. मग लक्षात आलं की लहानपणी आपण जे खडाड-खट ऐकायचो ते रुळांच्या सांध्यांचं होतं, आणि आता रूळ लांबच्या लांब वेल्ड करून टाकलेत, सांधेच राहिले नाहीत. पर्डी लहान असताना रेल्वे ठोके द्यायची, माझ्या वेळेला तिने गुळगुळीत व्हायचं ठरवलं, याला म्हणतात नशीब. स्टेशन आलं की रूळ बदलताना तेवढं खटॅक-खटॅक व्हायचं, तेवढ्यात मी मांडीवर उडाउ उडाउ करून घ्यायचो. चिंचवडपर्यंत समोरचे आजोबा बघत होते. आकुर्डीला त्यांना राहवलं नाही. "मुंग्या आल्यात का पायाला? उभे राहा जरा, जातात."

उभा राहिलो. काय सांगणार.

घरी वेगळीच कथा. ई-किटचा फायदा म्हणे असा की आवाज होत नाही. खोटं आहे. आवाज मला होत नाही म्हणा, मी हेडफोन घालून स्टेडियममध्ये वाजवत असतो, आणि घरच्यांना नुसतं रबरावर लाकूड, टप टुप टप ठाप. बायको म्हणते खिडकीबाहेर कबुतरं बसल्यासारखं वाटतं. आणि पायाचं पेडल थेट जमिनीत, म्हणजे खालच्या काकूंच्या छतात. त्यावर उपाय मी केला, दोन प्लायवूड आणि मध्ये टेनिस बॉल भरून प्लॅटफॉर्म, बॉल सोसायटीतल्या पोरांकडून जुने घेतले, दहा रुपयाला एक, पोरांनी त्या पैशात नवे आणले आणि त्या नव्या बॉलने पार्किंगमधल्या माझ्याच गाडीचा आरसा फोडला, पण तो विषय वेगळा.

तर एक दिवस काकू जिन्यात भेटल्या. मी मनात माफीचं भाषण जुळवत होतो तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "काय हो, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्याकडे रोज सात वाजता दाण्याचं कूट करतात का?"

आता खरं सांगायचं तर ४३ व्या वर्षी ड्रम, ई-किट, बॉनहॅम, सगळं सांगावं लागलं असतं, आणि काकू सोसायटीच्या कमिटीत आहेत. मी म्हटलं, "हो."

"खलबत्त्यात?"

"हो, मिक्सरचं आवडत नाही बाबांना."

"ते बरोबर आहे," काकू म्हणाल्या, आणि दोन पायऱ्या उतरून परत वळल्या, "पण रोज एवढं कूट लागतं?"

त्या दिवसापासून आम्ही सोसायटीत कूटवाले. बायकोला हे मी सांगितलं नव्हतं, तिला हळदीकुंकवाला कळलं, कोणीतरी तिला सहानुभूतीने विचारलं की सगळ्याच भाज्यांत घालता का हो तुम्ही.

मधले तीन महिने सांगण्यासारखे नाहीत. मेट्रोनोम (लय धरून टिकटिकणारं यंत्र) ५० वर, उजवा हात बंद, नुसता डावा, भूत-भूत-ठाक-भूत-भूत. नळ स्टॉपच्या सिग्नलला गाडीच्या टाकीवर, ऑफिसात टेबलाखाली, रात्री उशीवर. उशीची आयडिया सरांची, उशीवरून काडी उसळत नाही म्हणून उचलायचं कामही हातालाच करावं लागतं. बायकोने उशी वेगळी करून घेतली. सर दर शनिवारी ऐकायचे आणि म्हणायचे, "येतंय, दादा." हे "येतंय" मी पुण्यात रिक्षावाल्याच्या "येतो" इतकंच धरतो. बाबा मात्र नियमाने ऐकायचे, पेपर वाचता वाचता, आणि पेपर खाली न करता म्हणायचे, "डावा उशिरा येतोय." एकदा मी वैतागून म्हटलं बाबा तुम्हाला कसं कळतं, तर म्हणाले, चाळीस वर्षं बँकेत काढलीत, उशिरा कोण येतं ते पाठमोरंसुद्धा कळतं.

मग परवाचा बुधवार. ७० वर वाजवत होतो, ऑफिसचा कुठलातरी मेल डोक्यात होता, हाताकडे लक्षच नव्हतं, आणि ठाक झाल्यावर काडी इंचावर येऊन थांबली आणि टेकली. हळूच. पुढच्या आवर्तनात परत. पुटपुट पुटपुट, संपलं!, पुटपुट. मी इतका दचकलो की तिथेच चुकलो, पण आठ-दहा आवर्तनं झाली असतील. हेडफोन काढून बाहेर आलो. बायको फोनवर, आई मालिकेत, बाबा झोपलेले. म्हणजे घोस्ट नोट इतक्या चांगल्या वाजल्या की घरात एकालाही ऐकू गेल्या नाहीत. आता हे कोणाला सांगणार आणि पुरावा काय देणार, तीन महिने खर्ची घालून मी अशी गोष्ट शिकलो होतो की ती जमली की लोकांना कळतच नाही.

काल संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात रिकामी वाटी.

"काल-परवा ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता कसं छान बारीक कुटताय. आधी नुसती भरड होती हो तुमची."

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. सरांनी नाही, बाबांनी नाही, खालच्या मजल्यावरून, स्लॅबमधून, बाईंनी बरोबर ओळखलं होतं.

"मध्येच एक ठाक येतं मात्र," काकू म्हणाल्या. "तो दाणा फुटत नाही वाटतं."

"नाही, तो मुद्दाम..." एवढंच बोललो मी.

"बरं, ते असू दे. उद्या चतुर्थी आहे, खिचडीला वाटीभर कूट द्या. एवढं करता रोज, असेलच घरात."

घरात दाणे होते. कूट नव्हतं. मिक्सर लावला असता तर खाली ऐकू गेलं असतं. आईने माळ्यावरून खलबत्ता काढून दिला, मी दाणे भाजून सोलून घेतले, मेट्रोनोम ७० ला लावला आणि बत्ता डाव्या हातात घेतला.