लीग काढताय ना? मग प्लेअर असे निवडा

तर तुम्ही गेमिंगची लीग काढायचं ठरवलंय. अभिनंदन. साताऱ्यात आता जिम आणि चहाच्या फ्रँचायझीत फारसं काही राहिलेलं नाही, त्यामुळं लाईन बरोबर पकडलीत. पैसा, हॉल, जनरेटर हे सगळं जमतंय हो, डोक्याला ताप एकच, पोरं निवडायची कशी, आणि तीसुद्धा अशी की निवड आधीच झालेली असली तरी शेवटच्या दिवसापर्यंत प्रत्येकाला वाटत राहिलं पाहिजे की आपला नंबर लागणार. पोवई नाक्याजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, बीजीएमआय, म्हणजे मोबाईलवरचा चौघाचौघांच्या टीमचा गोळीबाराचा गेम, खेळणारी निम्मी पोरं फुटका डिस्प्ले घेऊन माझ्याकडंच येतात, म्हणून फुकटात चार गोष्टी सांगतो.

पहिलं काम पोस्टर. त्यावर 'सर्वांसाठी खुली स्पर्धा' असं मोठ्ठं छापायचं. घाबरायचं नाही, दार कितीही मोठं उघडलं तरी आतली खोली तेवढीच राहते. आपल्याकडच्या बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धांतच बघा, ओपन क्वालिफायर, म्हणजे सगळ्यांसाठीची चाळणी फेरी, असते, हजारो टीम खालून खेळत येतात, आणि नावाजलेल्या टीमना पुढच्या राउंडचं थेट आमंत्रण असतं. आता त्यांनी आधी खेळून नाव कमावलंय हे मलाही मान्य आहे, उगाच वाकडं बोलत नाही. पण तुम्हाला नाव कमावलेल्यांची लिस्ट करायची गरज नाही, तुम्ही ज्यांच्याबरोबर रोज रात्री डिस्कॉर्डवर गप्पा हाणत बसता त्यांची केली तरी चालतंय.

दुसरं, निवडीचा दोष माणसाच्या अंगावर कधीच घ्यायचा नाही, आकड्यांवर ढकलायचा. याचा धडा अमेरिकेत मिळतो. २०१८ ला तिथं एनबीए टूके लीग सुरू झाली, बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमची. अट काय, तर जानेवारीत ऑनलाइन ५० मॅच जिंका आणि फॉर्म भरा. ७२,००० जणांनी ते केलं. त्यातून गाळत गाळत १७ टीमनी सहा-सहा असे १०२ प्लेअर घेतले, आणि त्या १०२ मध्ये बाई एकही नाही. ड्राफ्टच्या, म्हणजे टीमनी जिच्यातून प्लेअर उचलायचे त्या, यादीपर्यंतच मुळात एकच पोचली होती. आता मुली नकोत असं कुणी म्हणालं का? छे. दार सताड उघडं होतं, गेममध्ये उंची-वजन काही लागत नाही, कंट्रोलर सगळ्यांच्या हातात सारखाच. फक्त एवढंच की तो गेम पाच जणांचा आहे, बाकीच्या चौघांनी पासच दिला नाही तर तुमच्या नावावर पॉइंट येणार कुठून, आणि पॉइंट नाहीत म्हणल्यावर सिलेक्टर बिचारा काय करणार, त्याच्यासमोर तर कोरा आकडा. पुढच्या वर्षी, २०१९ ला, चिकिटा इव्हान्सला वॉरियर्सच्या टीमनं ५६ व्या नंबरला घेतलं, लीगमध्ये निवडली गेलेली ती पहिली बाई. बॉलच देत नव्हते ही तिचीही तक्रार होती. तुम्ही असल्या बारकाव्यात पडू नका, एक्सेल शीट दाखवा आणि मोकळे व्हा.

माझ्या भाचीचं सांगतो. विश्वास बसणार नाही इतकी शांत खेळते, स्क्रीनवर एकदम चार बोटं चालवते, त्याला क्लॉ म्हणतात, लांबून नेम धरायच्या स्नायपर बंदुकीवर हात बसलेला. आयडी पोराच्या नावाचा, माईक कायम बंद. एकदा दुकानात बसून रँडम स्क्वॉडमध्ये, म्हणजे अनोळखी तिघांबरोबर, खेळत होती, मॅचच्या अगदी शेवटी कव्हर मागायला नाईलाजानं माईक ऑन केला. 'राईटला दोन आहेत', बास, तीन शब्द. पलीकडं आधी शांतता, मग एकजण हसला, दुसरा म्हणाला 'अरे मुलगी आहे का', आणि दोन माणसं राईटला होती ती होतीच. तिघांना त्यांनी उडवलं. मॅच संपल्यावर शिव्या कुणाला, तर हिला. मी म्हणलं रिपोर्ट कर की, तर म्हणाली मामा, किती जणांना करू.

तेव्हा तुमच्या लीगमध्ये एखादी पोरगी चुकून लईच भारी निघाली तर सरळ म्हणायचं, चीटिंग करते. कोरियात गेगुरी म्हणून ओव्हरवॉच या नेमबाजीच्या गेमची प्लेअर, तिचा नेम इतका पक्का की २०१६ ला तिच्यावर हॅकचा आरोप झाला, मग स्टुडिओत कॅमेरा लावून सगळ्यांदेखत तिला खेळून दाखवावं लागलं. दाखवलंन. ज्यांनी आरोप केला त्यांनी कुठला कॅमेरा लावून घेतला नाही. पुढं ओव्हरवॉच लीगमध्ये पोचलेली पहिली बाई तीच, २०१८ च्या फेब्रुवारीत, आणि तिला घेतलं कुणी तर शांघाय ड्रॅगन्सनं, ज्यांनी त्या सीझनला ४० पैकी ४० मॅच हरल्या.

त्याच लीगकडून आणखी एक गोष्ट उचला. तिथं जागा विकत घ्यायच्या होत्या, एका टीमचा भाव दोन कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, आणि हरणाऱ्या टीमनं खालच्या लीगमध्ये उतरणं हा प्रकारच नव्हता. म्हणजे चाळीसच्या चाळीस हरलं तरी पुढच्या वर्षी जागा शाबूत. जत्रेच्या फडात चाळीस कुस्त्या चितपट झालेला पैलवान पुढच्या वर्षी पुन्हा पोस्टरवर पहिल्या नंबरला, असं आपल्याकडं केलं तर लोक नारळ फेकून मारतील. फडात वस्तादांचे लाडके नसतात असं नाही, असतातच, पण तिथं हजार डोळे बघत असतात. तुमच्याकडं ती भानगड नाही. मॅच ज्या कस्टम रूममध्ये होते तिला पासवर्ड असतो.

ट्रायल मात्र घ्या. कोरेगावकडच्या एका पोरानं मागं एका टीमची ट्रायल दिली, नाव नको. गावात नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येतं, तर हा टाकीवर बसून खेळला, अंगठ्यांना माझ्याच दुकानातली तीस रुपयांची स्लीव्ह्ज, फोन तापू नये म्हणून खाली ओला पंचा. पिंग मधेच दीडशेवर जायचा, म्हणजे नेट अडखळायचं, तरी सहा मॅचमध्ये त्याच्याबरोबर खेळलेल्या सगळ्यांत जास्त किल त्याचे. मग इंटरव्ह्यू. पहिला प्रश्न, इन्स्टावर फॉलोअर किती? हा म्हणाला एकशे बारा. दुसरा प्रश्न, फोन कुठला? तिसरा प्रश्न झालाच नाही. नंतर कळलं जो घेतला तो मॅनेजरच्या रूममेटचा भाऊ, आणि त्याचं कारण विचारलं तर उत्तर आलं, 'कम्युनिकेशन चांगलं आहे'. हा शब्द लिहून ठेवा. कम्युनिकेशन मोजायची पट्टी अजून निघालेली नाही, त्यामुळं त्यात कुणीही बसतो आणि कुणालाही बाहेर काढता येतं.

आता एक धोका सांगतो, याकडं दुर्लक्ष केलंत तर सगळं मुसळ केरात. आपल्याच जिल्ह्यात, कराडजवळ गोळेश्वरला, खाशाबा जाधव म्हणून पैलवान होऊन गेले. १९५२ च्या ऑलिंपिकला त्यांना आधी वगळलं होतं. गडी गप्प बसला नाही, पॉइंट देण्यात गडबड केली म्हणून थेट पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी ती मारली, आणि हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक घेऊन आले. सिलेक्शनवाल्यांची केवढी पंचाईत! तेव्हा पुन्हा कुस्ती लावणारा महाराज तुमच्या लीगच्या आसपास फिरकता कामा नये. नियमावलीत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील' एवढी ओळ टाका. महाराष्ट्रात रांगोळी स्पर्धेपासून सगळीकडं चालते, कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी पुढं जायला जागाच ठेवत नाही.

आणि नकाराचा मेल गोड पाठवायचा. टाकीवरच्या पोराला आलाय तसा. परवा चार्जिंगची पिन बदलायला आला होता, मोबाईल माझ्या हातात देताना मेल उघडाच होता. तुमच्या पॅशनचा आम्हाला आदर आहे, पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा, आणि सोबत टीमच्या जर्सीवर दहा टक्के सूट मिळायचं कुपन.

मी पिन काढली, म्हणलं दीडशे होतील.

तर म्हणतो, "दादा, ते कुपन इथं चालंल का?"