पार्टिशनचं सोवळंओवळं

‘लिनक्स टाकताय? आधी डिस्कची सात पार्टिशनं (वेगवेगळे कप्पे) करा’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. मी तो न वाचताच पुढे सरकवायचो. परवा माझ्या भाच्याने तो अक्षरशः पाळला आणि रात्री साडेअकराला फोन केला: ‘मामा, डिस्क भरली म्हणतंय, पण अर्धी तर रिकामी आहे!’

म्हटलं, डीएफ (कुठला कप्पा किती भरला ते दाखवणारी आज्ञा) चालव आणि वाचून दाखव. ‘/होम’ (आपल्या फाइल्सचा कप्पा) 115 जीबी, वापर 4 टक्के. ‘/व्हार’ (सिस्टिमचा वाढत जाणारा पसारा) 8 जीबी, वापर 100 टक्के. मेसेजात लिहिलंय की ‘/व्हार’ मध्ये फक्त लॉग (प्रोग्रामांच्या नोंदी) असतात, 8 जीबी खूप झाले. अहो, फ्लॅटपॅकने टाकलेली अ‍ॅप्स तिथे जातात, डॉकरच्या इमेजेस (प्रोग्रामांची तयार गाठोडी) तिथे जातात, अपडेटची उतरवलेली पॅकेजं तिथेच साठतात. पोराने दोन इमेजेस ओढल्या आणि खेळ खलास. शेजारी शंभर जीबी मोकळे, पण मध्ये भिंत. ती भिंत कुठे घालायची हे इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं, म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा काय किती वाढणार याची काहीच कल्पना नसते.

‘हीच खरी युनिक्स पद्धत’ म्हणे! युनिक्स म्हणजे लिनक्सची पूर्वज सिस्टिम; तिच्यात ‘/यूएसआर’ वेगळं झालं ते तत्त्व म्हणून नव्हे. पीडीपी-11 या तेव्हाच्या संगणकावर आरके05 ची डिस्क जेमतेम 2.5 एमबीची. ती भरली, तसा पसारा दुसऱ्या डिस्कवर सांडला. अडचणीची सोय होती ती, तिचं या लोकांनी सोवळं केलं. आज बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) ‘/बिन’, म्हणजे मूळ आज्ञांचा फोल्डर, ही ‘/यूएसआर/बिन’ कडे बोट दाखवणारी नुसती लिंक असते.

आता स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. मेसेज म्हणतो, ‘नेहमी रॅमच्या दुप्पट.’ भाच्याची रॅम 32 जीबी, म्हणून 256 जीबीच्या एसएसडीतले 64 जीबी स्वॅपला वाहिले. 2001 साली, लिनक्सच्या 2.4 कर्नलच्या (गाभ्याच्या) सुरुवातीला, दुप्पट खरंच लागायची. पण आज रेड हॅट या लिनक्स कंपनीचं कोष्टक उघडून बघा: 2 जीबीपर्यंत रॅम असेल तर दुप्पट, 8 पर्यंत रॅमएवढी, त्यापुढे किमान 4 जीबी. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद) करायचं असेल तर 8 ते 64 जीबी रॅमला दीडपट. दुप्पट तिथेही नाही, आणि आमचे भाचेबुवा हायबरनेट कधी करतच नाहीत, नुसतं झाकण मिटतात.

वेगळ्या पार्टिशनांनी वेग वाढतो? फिरत्या डिस्कवर बाहेरचे ट्रॅक जलद असतात, तेवढंच त्यात तथ्य. एसएसडीत फिरायला काही नाही.

बरं, एक मान्य करतो. सर्व्हरवर ‘/व्हार/लॉग’ वेगळं ठेवतात ते शहाणपणाचंच आहे; एखादा प्रोग्राम रात्रभर लॉग ओकत बसला तरी रूट (सिस्टिमचा मुख्य कप्पा) भरत नाही. ‘/टीएमपी’ (तात्पुरत्या फाइल्स) वर नोएक्झेक, म्हणजे तिथून प्रोग्राम चालवायला बंदी, लावायचं असेल तरी वेगळं माउंट (जोडणी) लागतं. पण मेसेज सर्व्हरसाठी नाही, ‘नवशिक्यांसाठी खास’ आहे.

आणि ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती शेवटची: ‘/होम वेगळं ठेवलं की बॅकअपची गरज नाही.’ डिस्क मेली की सातही पार्टिशनं एकदमच मरतात. चुकून मारलेला आरएम (फाइल पुसायची आज्ञा) ‘/होम’ मध्येच तर मारला जातो. वेगळ्या ‘/होम’ चा फायदा एवढाच की डिस्ट्रो नव्याने टाकताना फाइल्स जागेवर राहतात, तेही इन्स्टॉलरमधल्या ‘फॉरमॅट’ च्या चौकटीत चुकून टिक पडली नाही तर.

जाता जाता: मेसेजातल्या सात पार्टिशनांत ईएफआयचं, म्हणजे मशीन सुरू व्हायला लागणारं, पार्टिशनच नाही. इन्स्टॉलरने ते मुकाट्याने आपलं आपण केलं, म्हणून मशीन सुरू तरी झालं.

रविवारी सगळं पुसलं. ईएफआयला 1 जीबी, बाकी सगळं एकच एक्स्ट4 (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) चं रूट, त्यातच 4 जीबीची स्वॅप फाइल. पुढे कमी पडली तर वाढवता येते. पुसायच्या आधी त्याचं ‘/होम’ बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. ती डिस्क आता त्याच्याकडेच ठेवली आहे.