सोलापूरचा निवेदक सोलापुरातच हवा

"मोबाइलवर सगळं कळतं, मग सोलापूरला वेगळं रेडिओ केंद्र कशाला? पुण्या-मुंबईचे कार्यक्रम लावले तरी चालतंय की!" गावाकडच्या चर्चांत हा सूर पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि इथे अमेरिकेत, बर्फाळ मिनेसोटात बसून डोकं तापतं.

बर्फाच्या वजनाने तारा तुटल्या की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत मान टाकतात. दोन पेन्सिल सेलवरचा रेडिओ कित्येक दिवस चालतो. पण त्यावर बोलायला केंद्रात जागं माणूस लागतं. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातल्या माइनॉटजवळ अमोनिया नेणारी मालगाडी घसरली. कडाक्याची थंडी, विषारी ढग, वीज गेलेली, आणि पोलिसांचा रेडिओ केंद्राशी वेळेवर संपर्कच झाला नाही. दूरवरून कार्यक्रम लावा म्हणणाऱ्यांनी ही रात्र आधी वाचावी.

केंद्र चालू ठेवणं हेही सोपं काम नाही. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं आणि फिल्टर तुंबतो; म्हणून हिवाळी मिश्रण भरायचं, इंजिन ऊबदार ठेवणारा ब्लॉक हीटर लावून ठेवायचा. जनरेटर नुसता सुरू करून बघणं ही चाचणीच नव्हे. ट्रान्समीटरचा पूर्ण भार टाकून तो तासभर चालवावा लागतो. अँटेनावर बर्फ चढला की शक्ती उलटी परतते, ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला जोर कमी करतो आणि ऐन वादळात लांबच्या वस्त्यांना केंद्र ऐकू येईनासं होतं. त्यासाठी अँटेनाला हीटर किंवा आवरण लागतं.

आणि बोलायचं काय? "सर्वत्र जोरदार हिमवृष्टी" हे खिडकीतून दिसतंच. कुठला रस्ता कुठून कुठवर बंद, ही माहिती किती वाजताची, ऊबदार निवारा कुठे उघडा, हे दर पंधरा मिनिटांनी, ठरल्या वेळेला सांगायचं. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, कोळशाची शेगडी घरात पेटवू नका. गाडीत अडकलात तर आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, मग तासाला दहाच मिनिटं इंजिन चालवा आणि काच थोडी उघडी ठेवा. कितीदाही सांगितलं तरी ऐकणारा दर वेळी नवा असतो.

सोलापुरात बर्फ पडत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण उजनी धरणातून पाणी सोडलं की पंढरपूरचा जीव टांगणीला लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा-मोहोळकडची गावं पाण्यात घातली. लांबोटीचा पूल, वडकबाळची पातळी, हे मुंबईच्या निवेदकाला काय ठाऊक? शिवाय तीच सूचना कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही जायला हवी. इथे मिनेसोटात स्पॅनिश, सोमाली आणि मोंग (आग्नेय आशियातून आलेल्या लोकांची भाषा) यांतही इशारे निघतात. मग विडी वळणाऱ्या बाईला तिच्या तेलुगूत का नकोत?

परदेशात बसून शहाणपणा शिकवू नका, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इथला रेडिओ माझ्या गल्लीतली शाळा बंद असल्याचं सांगतो, तरी मी इथला झालो असं वाटत नाही. आणि सोलापूरच्या वादात आता माझं मत कुणी मोजत नाही. पण आई-वडील तिथेच आहेत. पाणी कुठवर आलं हे त्यांना माझ्या फोनवरून नव्हे, तिथल्याच माणसाच्या तोंडून कळायला हवं. रात्रपाळीचा एक निवेदक, जिल्हा नियंत्रण कक्षाशी थेट लाइन आणि तीन दिवसांचं डिझेल: सोलापूर केंद्रासाठी मागायचं तर आधी एवढं मागा.