पैसे वाचवायचेत? मग एक साडू बाळगा

काटकसरीनं संसार करू पाहणाऱ्या समस्त बंधूंनो, (भगिनींना मुद्दाम वगळलंय, त्या कुठं अडकल्यात ते पुढं कळेलच.)

महागाई वाढली तसं जो तो विचारतो, कुठल्या सोयीला पैसे मोजावेत आणि कुठल्या सोडून द्याव्यात? माझं उत्तर आता तयार आहे. एकाही सोयीला पैसे मोजू नयेत आणि एकही सोय सोडू नये. हे कसं जमवायचं याची दीक्षा मला गेल्या आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रात्री, अडीच वाजता, जळगाव स्टेशनाबाहेर मिळाली. गुरू म्हणजे आमचे थोरले साडू.

पहिला धडा प्रवासाचा. नंदुरबारहून अशी गाडी धरावी की जी जळगावला ऐन मध्यरात्रीनंतर टेकते. तिकीट अर्थातच जनरलचं. उतरल्यावर रिक्षावाल्याला भाव जरूर विचारावा. बसायचं म्हणून नव्हे, पुढच्या फोनला पुरावा लागतो म्हणून. मग अहिराणीत फोन लावावा : "दीडशे मांगी ऱ्हायना भो! लुटारू शेतस बठ्ठा. तू ये ना, तुनाकडे गाडी शे." मी उठलो, शर्ट उलटा घातला आणि निघालो. पेट्रोल माझं, झोप माझी. साडूंचे दीडशे मात्र वाचले. मागं बसून पिंप्राळ्यापर्यंत ते मला पैशाची किंमत समजावून सांगत होते. रिक्षाला दीडशे देणं हा माज असतो. साडूला झोपेतून उठवणं ही आपुलकी असते. लिहून घ्या.

शिडी, ड्रिल मशीन, गाडीच्या चाकात हवा भरायचा पंप आणि पन्नास माणसांचं पातेलं या चार वस्तू शेजाऱ्याच्याच चांगल्या.

फ्रिज रात्री बंद ठेवावा. दूध नासलं तर पनीर झालं असं समजावं.

वायफायचा पासवर्ड शेजाऱ्याच्या पोराकडून घ्यावा, बापाकडून नव्हे.

प्यायच्या पाण्याच्या जारवर पैसे घालवणारा माणूस रस्त्यावर येतो. ऑफिसात थंड पाण्याचा जार असतो, बँकेत असतो, लग्नाच्या हॉलात तर रांगेनं असतात. दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या बॅगेत ठेवल्या की झालं. नळाचं काय, असं विचारू नका. जळगावात राहणाऱ्यानं नळाचं विचारू नये आणि धुळ्यात राहणाऱ्यानं तर नळाचं नावही काढू नये.

एसटीचा धडा खास आहे. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सरकारला वाटलं, बायका हिंडतील-फिरतील, माहेरी जातील, दवाखान्यात जातील. सरकारला आमचे साडू माहीत नव्हते. त्या दिवसापासून त्यांच्या घरची बाहेरगावची झाडून सगळी कामं बायकोकडे गेली. तळोद्याला कागद पोचवायचा? ती जाईल, अर्धं तिकीट. शहाद्याहून गव्हाचा कट्टा आणायचा? ती आणेल, अर्धं तिकीट. कट्ट्याचं वजन मात्र पूर्ण असतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर एसटी फुकटच आहे. साडूंचे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि साडू कॅलेंडरकडे डोळे लावून बसलेत.

आता उन्हाळा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात वैशाखात पारा पंचेचाळीसला सहज जातो, त्यावर मी नवीन काय सांगणार? एसी घेऊ नका. हे मात्र मी मनापासून सांगतो, माझ्याकडेही नाही. दीड टनाचा एसी तासाला दीडेक युनिट ओढतो. आपला पत्र्याचा कूलर दोनशे वॉटचा असला तर एका युनिटात पाच तास चालतो. आणि शंभर युनिटांची वेस ओलांडली की पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर दुपटीच्या घरात जातो. आपल्याकडची हवा कोरडी खडंग, तिला कूलर मानवतो. कोकणातल्या माणसानं लावला तर नुसता घाम फिरवत बसेल. तेव्हा खान्देशात कूलर हीच श्रीमंती, यात वाद नाही.

पण कूलर पाणी पितो. टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. मी नळीला फ्लोट जोडून घेतलाय, टाकी आपोआप भरते. ते पाहून साडू हसले. म्हणाले, "याले काय पैसा घाला लागतस? आम्ही बादलीनं भरतो."

आम्ही.

हा शब्द नीट ऐका, कारण काटकसरीची सगळी किल्ली या शब्दात आहे. आम्ही कूलर बादलीनं भरतो. आम्ही मसाला घरी कुटतो. आम्ही कपडे हातानंच धुतो, मशीनमध्ये कॉलरचा मळ निघत नाही. आम्ही बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, विकत आणत नाही. साडू हे सगळं सांगत होते तेव्हा ते माझ्या कूलरसमोर पाय पसरून बसले होते आणि त्यांच्या "आम्ही"मधली सगळी माणसं, म्हणजे एकच माणूस, स्वयंपाकघरात खापरावर मांडे टाकत होतं. तिथं कूलर नसतो. पंखाही नसतो, कारण पंख्यानं जाळ विझतो.

बिबड्यांचंच घ्या. तुम्ही कधी केलेत? खाल्लेत, ते विचारत नाही. ज्वारी तीन दिवस भिजवायची, पाणी बदलत राहायचं, वाटायची. पहाटे चारला चूल पेटवून हंड्याएवढ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. तो लाटण्याएवढ्या जाड दांड्यानं सतत हलवायचा, थांबलं की गुठळी. तीळ, लसूण, मिरची. मग गरम असतानाच गच्चीवर नेऊन, धोतराच्या पानावर बोटं भाजत थापायचे, ऊन चढायच्या आत. संध्याकाळी कापडामागून पाणी मारून सोडवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवायचं. मग पापड. मग कुरडया, त्या गव्हाच्या चिकाच्या, त्यांचं वेगळंच. चैत्र-वैशाख हे दोन महिने असे गच्चीवर वाळत घालायचे. हेच बिबडे बचत गटाच्या बायका करून विकतात. त्यांच्याकडून घेतले तर एका बाईला मजुरी मिळते आणि एका बाईचा हात वाचतो. पण मग साडूंच्या खिशातून नोट बाहेर येते ना! नोट बाहेर येताना दिसते. हात झिजताना दिसत नाही. घरात चोवीस तास समोर असून दिसत नाही. चहा मागताना तोच हात दिसतो, कपबशीसकट दिसतो, पण सुजलाय हे दिसत नाही!

माफ करा, आपण सल्ले देत होतो.

केंद्र सरकारनं 2024 साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. हे 88 वाचून मला आधी कौतुक वाटलं. मग कळलं, हा हिशेब फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आहे, बाकीचे त्यात धरलेलेच नाहीत. म्हणजे साडू तिथंही नाहीत.

तर कपड्यांचं मशीन. सेमी-ऑटोमॅटिक दहा-बारा हजारांत येतं. साडू म्हणतात, तो खर्च. आखाजीला सकाळी त्यांना मुहूर्त साधायचा होता, म्हणून मी त्यांना गाडीवर सराफ बाजारात नेलं (इथंही रिक्षा नाही). तिथं त्यांनी दोन ग्रॅमचं नाणं घेतलं. सोन्यानं तोळ्याला लाख कधीच ओलांडलेत, हिशेब तुम्हीच करा. दोन मशीन बोटाच्या पेरावर मावली. ती झाली गुंतवणूक. नाणं आता कपाटात राहील आणि चादरी दगडावर.

मी काही फार वेगळा आहे असा माझा दावा नाही. आमच्याकडे मशीन आलं ते बायकोच्या ऑपरेशननंतर, डॉक्टरांनी पिळायचं बंद करायला सांगितलं म्हणून. त्याआधी चौदा वर्षं मीही "आम्ही हातानंच धुतो" म्हणत होतो.

आता आखाजीचं सांगतो, मग थांबतो. सासू-सासरे गेल्यापासून आमचं घर हेच अक्काचं माहेर. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझी थोरली मेहुणी. ती आखाजीच्या सहा दिवस आधी आली. एसटीनं, अर्ध्या तिकिटात, आणि डोक्यावर तीन किलो बिबडे. आमच्यासाठी केलेले. मी त्याच संध्याकाळी तळायला लावले आणि चांगले झालेत असंही सांगितलं. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी होती, ती मला दुसऱ्या दिवशी दिसली.

आखाजीला आमच्या गल्लीत अजून लिंबाला झोका बांधतात. सासुरवाशिणी त्या दिवशी झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. वर्षातून एकदा कोणी त्यांना काम सांगत नाही, म्हणून तर आखाजी. अक्का झोक्यावर बसली आणि लगेच उतरली. दोर धरता येत नव्हता. पोरींनी हसून विचारलं, भ्यायलात का अक्का? ती म्हणाली, हो, भीती वाटते आता.

आणि त्याच संध्याकाळी, आमरस-मांड्यांवर हात मारून झाल्यावर साडू म्हणाले, "सकाये हिले ली जास. घरमा कपडा साची ग्यात." म्हणजे, सकाळी हिला घेऊन जातो.

कपडे साचलेत. यासाठी तुम्ही रात्री अडीचला मला स्टेशनावर बोलावलंत?

भाऊसाहेब, तुम्ही वयानं मोठे, घरी बसून तोंडावर बोलता आलं नाही, म्हणून इथं बोलतो. तुम्ही काटकसरी नाही. काटकसरी माणूस स्वतः पायी चालतो, स्वतः बादली उचलतो, स्वतः घाटा हलवतो. तुम्ही आयुष्यात एक सोय सोडली नाहीत. गरम भाकरी, इस्त्रीचा शर्ट, गार हवा, तळलेले बिबडे, सगळं वेळच्या वेळी. फक्त पैसे दिले नाहीत. ते एक बाई सव्वीस वर्षं मनगटानं देते आहे आणि तुम्ही वाचले म्हणून सोनं घेता! लाज वाटत नाही? ते नाणं मोडा. उद्या सकाळी मोडा. त्यात मशीन येईल, कूलरचा फ्लोट येईल, मनगटाचा एक्स-रे निघेल, आणि वर चार पैसे उरतील तर बचत गटाचे बिबडे घ्या. नाहीतर कपडे साचलेत तिथं तुम्हाला दोन हात आहेत, दोन्ही धड आहेत, साबण दहा रुपयांना मिळतो.

अक्का येणार नाही. अजून पंधरा दिवस ती इथंच आहे, तिची बहीण तिला डॉक्टरकडे नेणार आहे, आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, रिक्षानं नेणार आहे.

तुमची गाडी सकाळची. रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मिळते. दीडशे सांगतील, शंभराला येतील.