कोर्ट कशाला पाहिजे राव?

बघा, घरचा माणूस म्हणून सांगायलोय, सरकार अन् तुमच्या मधी हे कोर्टाचं लचांड ठेवूच नका. रात्री दोनला दाराशी जीप आली तर 'कशाबद्दल नेताय साहेब' असलं काही विचारायचं नाही, साहेबाला वाईट वाटतंय. घटनेच्या 22 व्या कलमात लिहिलंय म्हणे की अटक केल्यावर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. तुम्ही असं करा, घड्याळ घरीच काढून ठेवा.

मग जेसीबी. आपल्याकडं जेसीबी म्हणजे निम्मा देवच की, पुढारी गावात आला का त्याच्याच बकेटातून फुलं पडतेत, गुलाल पडतोय अन् आपण खाली उभे राहून व्हिडिओ काढायलोय. तर तोच जेसीबी शेजाऱ्याच्या पत्र्याच्या शेडवर चालला तर टाळ्या वाजवा. त्याच्या पोरावर केस हाय ना, मग म्हातारी, लेकरं, दावणीची शेळी सगळेच आरोपी. सुप्रीम कोर्टानं 13 नोव्हेंबर 2024 ला सांगितलं की नुसत्या आरोपावरून कुणाचं घर पाडता येत नाही, आधी 15 दिवसांची नोटीस द्या. 15 दिवस! तवर रील शिळी होती ना.

आता जज कसा असावा? आणीबाणीत बिगर खटल्याचे आत टाकलेले लोक कोर्टात गेले, नऊ हायकोर्टं म्हणली ऐकतो तुमचं, पण 1976 ला सुप्रीम कोर्टातले पाचातले चार म्हणले का आत्ता तुम्हाला दादच मागता येत नाही. असे समजूतदार पाहिजेत. एकटे एच. आर. खन्ना आडवे लागले, मग जानेवारी 1977 ला सीनियर असून सरन्यायाधीशपद ज्युनियरला गेलं, यांनी राजीनामा दिला. चुकलो होतो हे कोर्टानंच 2017 ला मान्य केलं, 41 वर्षांनी. एवढी काय घाई होती?

अन् हो, 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, झेंड्याला सलाम ठोका, जिलेबी खा, घरी या. निजामाचा शब्द म्हणजेच कायदा होता तर आपले आजे कामून चिडले, हे मास्तरला विचारू नका.

आमच्या गल्लीत जेसीबीला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारे एक भाऊ होते. सत्ता पलटली अन् त्यांच्याच ढाब्यावर लाल फुली पडली. परवा औरंगाबाद खंडपीठाबाहेर दिसले, फाईल काखेत. म्हणलं, भाऊ, कोर्ट कशाला पाहिजे?

म्हणले, हळू बोल, आपलं मॅटर बोर्डावर 43 नंबरला हाय.