‘काळा धूर म्हणजे नॉझल, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या डिझेल गाडीच्या काळ्या धुरावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना संदर्भ कळावा म्हणून ती आधी थोडक्यात देतो. तुम्ही म्हणता: काळा धूर म्हणजे नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले, बाकी सगळा वेळकाढूपणा. नॉझलखाली मी तांब्याचा वॉशर सांगितला, ते चूक. दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीत नॉझल आधी बघायचे असतात. टाकीत टाकायच्या औषधाचा मी उल्लेखही केला नाही. आणि शेवटी, ‘पाना कधी हातात धरलाय का, की नुसतं वाचून लिहिता?’

शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं. बावीस वर्षं मी डिझेल पंप आणि नॉझलच्या टेस्ट बेंचवर उभा आहे. नॉझल दुरुस्त करणं हेच माझं पोट आहे. तुमचा सल्ला सगळ्यांनी ऐकला तर काम माझ्याकडेच येणार. तरीही मी लोकांना आधी एअर फिल्टर बघायला सांगतो, ते का सांगत असेन, एवढा विचार लिहिण्याआधी करायला हवा होता. मत वेगळं असू द्या, मी रोज वेगळी मतं ऐकतो. पण ज्याला कधी पाहिलं नाही त्याला असा प्रश्न विचारण्याची ही कुठली रीत?

वॉशरचं मात्र मान्य. प्रीचेंबरच्या, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या, जुन्या इंजिनात नॉझलच्या टोकाखाली किंचित वाटीसारखी पोलादी चकती असते. तांब्याचा वॉशर सहसा थेट इंजेक्शनच्या, म्हणजे डिझेल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनात येतो. मी सरसकट ‘तांब्याचा’ लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं आहे. नॉझल उघडला की चकती किंवा वॉशर नवाच घालायचा आणि चकतीची कुठली बाजू वर होती ते काढतानाच बघून ठेवायचं, हे दोन्हीकडे लागू आहे.

आता ‘नॉझल गेले, बाकी वेळकाढूपणा’ या वाक्याकडे येतो. काळा धूर म्हणजे काजळी, अर्धवट जळलेल्या डिझेलचा कार्बन. 1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 किलो हवा पुरते, पण ते हिशेबात. इंजिनात डिझेल ऐन वेळी फवारलं जातं, हवेत मिसळायला त्याला फार थोडा अवधी मिळतो. म्हणून हवा 18 ते 20 किलोच्या खाली आली की काजळी धरायला लागते. म्हणजे हवा कमी पडली तरी धूर, आणि डिझेल जास्त, जाड थेंबांनी किंवा उशिरा आलं तरी धूर. नॉझल हे या दुसऱ्या बाजूचं एक कारण आहे. त्या बाजूलाही तो एकटा नाही.

हवा आधी का, ते सांगतो. 2 लिटरचं बिनटर्बो (हवा दाबून भरणारा पंखा नसलेलं) इंजिन 4,000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 3,400 लिटर हवा ओढतं. साध्या यांत्रिक पंपाला त्यातली किती खरोखर पोचली याचा पत्ता नसतो. पेडल आणि आरपीएम बघून तो ठरलेलं डिझेल देतो. फिल्टर बुजला तरी डिझेल तेवढंच, मग धूर येणारच. फिल्टर झटकून परत लावू नका, आणि तपासण्यासाठी तो काढून गाडीही पळवू नका. धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर आणि सिलिंडरमध्ये जाते. नवा घाला आणि डब्याच्या तोंडाची नळी आतून हात घालून बघा. पाला किंवा उंदराने भरलेला कचरा तिथेच सापडतो.

टर्बोच्या गाडीत इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज बघायचे. गाडी उभी असताना होज धड दिसतो, दाब आला की चीर उघडते. होजच्या खालच्या अंगाला तेलकट ओल, रेस दिली की सूं असा आवाज, काळा धूर आणि गाडी ओढत नाही, हे सगळं एकत्र असेल तर नॉझलला हात लावण्याआधी दाबाची चाचणी करा. टर्बोच्या तोंडाला टोपी लावायची, क्रँककेसच्या ब्रीदरची (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी) नळी वेगळी करून बंद करायची, रेग्युलेटरमधून 0.7 बारच्या आसपास हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. 1 बारच्या वर जायचं नाही. थोडी हवा इंजिनातूनही सुटते, ती गळती धरू नका.

याच्याजवळचीच एक गोष्ट तुमच्यासारखा ठाम सल्ला देणाऱ्याला हमखास फसवते. टर्बोच्या रोटरी पंपाच्या डोक्यावर बूस्टप्रमाणे (टर्बोच्या हवेच्या दाबाप्रमाणे) डिझेल वाढवणारा डायफ्रॅम असतो. तो फाटला किंवा त्याच्याकडे येणारी बारीक नळी सुटली, तर डिझेल कमी मिळतं. गाडी मरगळते, पण धूर येत नाही. मग कोणीतरी पंपाच्या मागचा फुल लोडचा (जास्तीत जास्त डिझेल किती ते ठरवणारा) स्क्रू आत पिळतो. ओढ परत येते आणि काळा धूर सुरू होतो. त्या स्क्रूने आयडलिंगही (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) चढतं, म्हणून आयडलचा स्क्रू बाहेर काढून ते लपवलं जातं. अशा गाडीत चारही नॉझल नवे घातले तरी धूर तसाच राहतो. तो स्क्रू बघा: सील तुटलंय का, कॉलर गायब आहे का, नटावर पान्याच्या ताज्या खुणा आहेत का. बघायला पाच मिनिटं लागतात. याला वेळकाढूपणा म्हणायचं?

ईजीआरचंही (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या वॉल्व्हचं) तसंच. त्याला उघडणारी व्हॅक्यूमची नळी काढून बंद केली आणि धूर कमी झाला, तर चूक व्हॅक्यूमच्या बाजूला आहे. काही फरक पडला नाही, तर वॉल्व्ह ठीक आहे असं ठरत नाही; काजळीने तो उघडाच अडकलेला असू शकतो. मग खोलून बघायचा. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल तर पंपाची पुली एक दात मागे बसली नाही ना, तेही बघा. इंजेक्शन उशिरा झालं की ओढ जाते आणि धूर वाढतो.

नॉझल खरोखर गेला असेल तर तो स्वतः सांगतो. धूर आयडलिंगलाही असतो, एका सिलिंडरमधून टकटक येते, थंड इंजिन मिसिंग करतं. फक्त यांत्रिक पंपाच्या गाडीत आयडलिंगला एकेका नॉझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करून बघता येतं, नटावर फडकं धरून आणि डोळ्यांना चष्मा लावून. आरपीएम पडला नाही, तर तो सिलिंडर काम करत नाही. नट सैल करताच टकटक आणि धूर दोन्ही थांबले, तर तोच नॉझल. कॉमन रेलच्या (सगळ्या नॉझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि त्यातून बोट गमावण्याची वेळ येते.

संशयित नॉझल दुसऱ्या सिलिंडरमध्ये घाला, नव्या चकतीसह. दोष त्याच्याबरोबर गेला तर तो बेंचवर लावायचा: उघडण्याचा दाब इंजिनच्या मापाशी जुळतो का, त्याच्या 10 बार खाली दाब धरून ठेवला तर 10 सेकंदांत टोकाला थेंब जमतो का, फवारा सारखा पडतो का. दोष जुन्याच सिलिंडरमध्ये राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. गरम इंजिनात सिलिंडर-सिलिंडरमध्ये 4 बारपेक्षा जास्त फरक निघाला, तर दुखणं रिंग, वॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये आहे. नॉझल बदलून तिथे काही होणार नाही.

दीड लाख किलोमीटरच्या गाडीत नॉझल बघू नका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. औषधाबद्दल एवढंच: झिजलेली सुई आणि तिची बैठक कुठल्याही बाटलीने परत येत नाही.

पुन्हा लिहाल तर तीन गोष्टी लिहा. गरम इंजिनाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोडवर धूर येतो का, उभ्या गाडीत आयडलिंगला येतो का, आणि फुल लोडच्या स्क्रूचं सील शाबूत आहे का. त्यावर जेवढं म्हणाल तेवढं बोलू. पान्याच्या प्रश्नाला मी पुन्हा उत्तर देणार नाही.